कृष्णविवराच्या मध्यभागी नेमकं काय असतं?

काठावरचा

भाचीला (वय ११) कृष्णविवर समजावून सांगत होतो. नेहमीचं चित्र काढलं: ताणून धरलेली जाळी, मध्यभागी ती खाली खेचली जाऊन झालेलं नरसाळं, नरसाळ्याला खाली टोक. तिने पेन्सिल बरोबर त्या टोकावर ठेवली आणि विचारलं, "इथे काय आहे?"

"सिंग्युलॅरिटी."

"म्हणजे?"

"सगळं वस्तुमान एका बिंदूत. घनता अनंत."

"अनंत म्हणजे किती?"

इथे मामाची गाडी अडली.

तेव्हापासून वाचतोय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. घटनाक्षितिजापर्यंतचं, म्हणजे जिच्यातून परत येता येत नाही त्या सीमेपर्यंतचं, कळतं. सूर्याएवढं वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबलं की कृष्णविवर होतं. पृथ्वीसाठी तीच त्रिज्या ९ मिलिमीटरच्या आसपास. त्या सीमेआत गेलेला प्रकाशही बाहेर येत नाही. ठीक. पण आत गेलेला माल शेवटी जाऊन पडतो कुठे? खरोखर शून्य आकाराचा बिंदू असतो, की "आम्हाला माहीत नाही" याचंच हे भारदस्त नाव आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (तो बाहेर येणार नाही हे माहीत आहे, तरी.)

शंकासुर

"आम्हाला माहीत नाही"चंच भारदस्त नाव. धागा संपला, दिवे मालवा.

उडती_उल्का

असे धागे इतक्यात संपत नसतात. खुर्ची पकडून बसलेय.

आळशी_इलेक्ट्रॉन

शंकासुर अर्धे बरोबर आहेत. पण एवढं "माहीत नाही" म्हणण्यापर्यंत पोचायलाही पन्नास वर्षं लागली, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आइनस्टाइनने व्यापक सापेक्षतेची समीकरणं नोव्हेंबर १९१५ मध्ये मांडली. काही आठवड्यांतच कार्ल श्वार्त्सशिल्डने, पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना, त्यांचं पहिलं अचूक उत्तर काढलं. पुढच्या मे महिन्यात तो वारलाही. त्याच्या उत्तरात दोन ठिकाणी शून्याने भागायची वेळ येते: एकदा काठावरचा यांच्या त्या ३ किलोमीटरवाल्या त्रिज्येवर आणि एकदा त्रिज्या शून्य होते तिथे.

पहिला बिघाड खोटा निघाला. उत्तर ध्रुवाचा रेखांश किती, या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून ध्रुवावर जमीन फाटलेली नसते. दोष आखणीचा, जागेचा नव्हे. लमेत्रने हे १९३३ मध्ये ओळखलं होतं, पण सगळ्यांच्या गळी उतरायला १९५८ चं फिंकेलस्टाइनचं आणि १९६० चं क्रुस्कलचं काम यावं लागलं. दुसरा बिघाड मात्र कशीही आखणी केली तरी जात नाही. तिथे वक्रताच अमर्याद वाढते.

१९३९ मध्ये ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी कागदावर एक तारा कोसळवून दाखवला. निबंध छापून आला १ सप्टेंबर १९३९ ला, ज्या दिवशी दुसरं महायुद्ध पेटलं. त्यांचा तारा मात्र अगदीच आज्ञाधारक होता: पूर्ण गोल, सगळीकडे सारखी घनता, दाब शून्य. यावर आक्षेप सरळ होता. खरा तारा वेडावाकडा असतो, त्यातले कण नेम धरून एकाच बिंदूवर कशाला आदळतील? एकमेकांना चुकवून पलीकडे निघून जातील की.

त्याला उत्तर रॉजर पेनरोजने १९६५ मध्ये दिलं. प्रकाशही बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही असा बंदिस्त पृष्ठभाग एकदा तयार झाला, की तारा गोल असो नाहीतर बटाट्यासारखा, सुटका नाही. या प्रमेयाच्या पोटात अमल कुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण आहे. शेजारून जाणाऱ्या वाटा गुरुत्वाकर्षणामुळे एकमेकींकडे कशा झुकतात ते त्यातून कळतं. पेनरोजला नोबेल मिळालं २०२० मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनी. रायचौधुरी २००५ मध्येच गेले होते.

आता मुद्दा. "घनता अनंत होते" असं पेनरोजचं प्रमेय म्हणतच नाही. ते एवढंच म्हणतं की काही वाटा पुढे नेता येत नाहीत, त्या संपतात. का संपतात, टोकाला काय आहे, याबद्दल प्रमेय गप्प.

शंकासुर

म्हणजे मी जे एका ओळीत सांगितलं तेच, फक्त नोबेलसकट. चांगला प्रतिसाद, मान्य.

गणितवेडी

इलेक्ट्रॉनने पाया घातलाच आहे तर मी मूळ प्रश्नालाच हात घालते. काठावरचा, राग मानू नका, पण तुमचं चित्र चुकलंय. नुसतं ढोबळ नाही, दिशाच चुकलीय. आणि भाचीचा प्रश्न अडला तो त्या चित्रामुळे.

चित्रात टोक "मध्यभागी" आहे. जणू घटनाक्षितिज म्हणजे फळाची साल आणि सिंग्युलॅरिटी म्हणजे आतली बी. सालीपासून आत चालत गेलं की बी लागते. पण न फिरणाऱ्या कृष्णविवराचं श्वार्त्सशिल्डचं उत्तर हातात घेऊन घटनाक्षितिजाच्या आत शिरलात, की समीकरणातल्या दोन पदांची चिन्हं उलटतात. बाहेर जी राशी अंतरासारखी वागत होती ती आत काळासारखी वागू लागते, आणि काळासारखी होती ती अंतरासारखी. हा नुसता बीजगणिताचा खेळ नाही. आत "त्रिज्या कमी होणं" म्हणजे "वेळ पुढे सरकणं". उद्या येऊ नये म्हणून तुम्ही आज जितके हातपाय मारू शकता, तितकेच आत गेल्यावर सिंग्युलॅरिटी टाळण्यासाठी.

म्हणून सिंग्युलॅरिटी ही जागा नाही, ती वेळ आहे. आत पडलेल्या माणसाने कुठेही वळून पाहिलं तरी ती त्याला दिसत नाही, कारण ती त्याच्या समोर नाही, पुढे आहे. उद्या दुपार जशी खिडकीतून दिसत नाही तशी. "केंद्रात काय आहे?" याऐवजी "शेवटी काय होतं?" असं विचारायला हवं.

मग ती "त्रिज्या" कसली, असं कुणीतरी विचारणारच. ते केंद्रापासूनचं अंतर नव्हेच. एखाद्या गोलाचा परीघ मोजायचा आणि २π ने भागायचं, येईल ती संख्या. बाहेरच्या साध्या जगात ती केंद्रापासूनच्या अंतराएवढी भरते म्हणून सवयीने आपण तिला अंतर समजतो. आत केंद्र असं काही नसल्यामुळे अंतर मोजणार कुठून?

आतली भूमिती डोळ्यापुढे आणायची तर एक नळी घ्या. जसजसा वेळ जातो तसतशी नळी लांब लांब होत जाते आणि तिचा घेर आवळत जातो. शेवटच्या क्षणी घेर शून्य, लांबी अमर्याद. आता सांगा, याला बिंदू कसं म्हणायचं? वस्तू आत पडते तेव्हा नळीच्या दिशेने ताणली जाते आणि आडव्या दिशेने चिरडली जाते ती यामुळेच. २०१५ मध्ये ख्रिस्टोडूलू आणि रोव्हेली यांनी आतलं आकारमान मोजायची एक पद्धत मांडली, तीत हे आकारमान बाहेरचा काठ तेवढाच राहूनही काळाबरोबर वाढतच जातं. नरसाळ्याच्या चित्रात हे कुठे बसवणार?

काठावरचा

तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अंगावर काटा आला, म्हणजे बहुधा थोडंफार कळलं असावं.

पण मग "अनंत घनता" हे सगळीकडे छापतात ते काय?

गणितवेडी

ताऱ्याचा माल कोसळतो त्याची घनता त्या शेवटच्या क्षणाकडे जाताना अमर्याद वाढते, हे समीकरणांत खरं आहे. पण अनंत ही कुठली मोठी संख्या नाही. समीकरण "पुढचं मला विचारू नका" म्हणतं त्याचा तो उच्चार आहे.

उलट अख्ख्या कृष्णविवराची सरासरी घनता काढायचा बाळबोध प्रयोग करून बघा, म्हणजे वस्तुमान भागिले घटनाक्षितिजाएवढ्या चेंडूचं आकारमान. एम-८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट. उत्तर येतं घनमीटरला अर्ध्या किलोपेक्षाही कमी, हवेपेक्षा विरळ! वस्तुमान दुप्पट केलं की घटनाक्षितिजाची त्रिज्याही दुप्पट होते आणि आकारमान आठपट, म्हणून. (आतलं आकारमान असं साधं नसतं हे मीच वर लिहिलंय, तेव्हा या आकड्याला आकड्याएवढंच महत्त्व द्या.)

जुना_खोडरबर

एक बाळबोध शंका. न्यूट्रॉन तारा जसा आतल्या दाबामुळे तग धरतो तसं आणखी आत काहीतरी कठीण असेल आणि माल तिथेच अडून बसला असेल, असं का नाही? चंद्रशेखरांनी श्वेत बटूची (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्याची) वस्तुमानाची मर्यादा काढली, तेव्हा पुढचा टप्पा न्यूट्रॉन तारा निघाला. मग त्याच्या पुढचा टप्पा का नसावा?

आळशी_इलेक्ट्रॉन

शंका बाळबोध अजिबात नाही. एडिंग्टनने १९३५ मध्ये चंद्रशेखरांना भर सभेत हेच ऐकवलं होतं, की तारा असा मूर्खासारखा वागू नये म्हणून निसर्गात काहीतरी नियम असलाच पाहिजे.

दोन गोष्टी. पहिली, सापेक्षतेत दाबही गुरुत्वाकर्षण निर्माण करतो. म्हणजे ताऱ्याला सावरायला दाब वाढवावा तर तोच दाब त्याला आणखी खाली ओढतो. बुखडाल याने १९५९ मध्ये दाखवलं की ताऱ्याची त्रिज्या त्याच्या श्वार्त्सशिल्ड त्रिज्येच्या (सूर्यासाठी वरचे ते ३ किलोमीटर) सव्वापटीच्याही आत, नेमकं सांगायचं तर ९/८ पटीपर्यंत आली, की त्याला स्थिर ठेवायला मध्यभागी अनंत दाब लागेल. माल कितीही कठीण असो. दुसरी गोष्ट वर येऊन गेलीय. एकदा घटनाक्षितिजाच्या आत गेलात की "एका त्रिज्येवर थांबून राहणं" म्हणजे वेळ थांबवणं. तिथे कठीण तळ नुसता पुरेसा मजबूत नाही असं नाही, तळ ही कल्पनाच लागू होत नाही.

उडती_उल्का

आत पडल्यावर किती वेळ मिळतो मग? आणि जितकी धडपड कराल तितकं लवकर मराल असं वाचलंय, ते खरं का?

दुर्बीणधारी

हा माझा आवडता हिशेब, म्हणून मध्ये पडतो.

घटनाक्षितिजापासून शेवटच्या क्षणापर्यंत जास्तीत जास्त वेळ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. सूर्याएवढ्या कृष्णविवरात सुमारे १५ मायक्रोसेकंद. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या, ४३ लाख सूर्यांएवढ्या कृष्णविवरात ६६ सेकंद. एम-८७ मधल्यात जवळपास २८ तास. (सगळे न फिरणारे समजून. फिरणाऱ्यांचं प्रकरण वेगळं.)

"धडपड केली की लवकर मराल" हे अर्धसत्य आहे. हा कमाल वेळ मिळतो घटनाक्षितिजावर जणू शून्य वेगाने सुटून सरळ पडणाऱ्याला. दुरून पडत आलेल्याला एवढा मिळत नाही, कारण तो वेगात आत शिरतो. ४३ लाखवाल्यात त्याच्या वाट्याला जेमतेम २८ सेकंद येतात. त्याने यान योग्य दिशेने, योग्य तेवढंच पेटवलं तर ती २८ सेकंदं ६६ च्या जवळ नेता येतात. पण नंतर इंजिन बंद करून गप्प पडावं लागतं. घाबरून पेटवतच राहिला तर पुन्हा वेळ घटतो. ६६ च्या पलीकडे मात्र कुठलंही इंजिन नेत नाही.

शंकासुर

३८ सेकंदं कमावण्यासाठी एवढा खटाटोप. प्रतिसाद लिहायलाही पुरणार नाहीत.

बरं, आता माझा खरा आक्षेप. सगळे "न फिरणारं" म्हणून हळूच बाजूला सरकताय. निसर्गात न फिरणारं कृष्णविवर कुणी पाहिलंय? तारे फिरतात, त्यांची कृष्णविवरंही फिरणार. मग तुमची नळी आणि "उद्या दुपार" तिथे लागू आहे का? आणि फिरणाऱ्या कृष्णविवराचं गणित मांडणाऱ्या केरने स्वतःच सिंग्युलॅरिटी नाकारलीय असं ऐकलं.

गणितवेडी

शंकासुर, हा प्रश्न योग्य जागी लागला. नाही, सरळसोट लागू नाही.

फिरणाऱ्या कृष्णविवराचं उत्तर रॉय केर याने १९६३ मध्ये काढलं. त्यात सिंग्युलॅरिटी कडीच्या आकाराची असते आणि मुख्य म्हणजे ती "वेळ" नसून पुन्हा "जागा" होते, म्हणजे तत्त्वतः टाळता येण्यासारखी. आत आणखी एक, अंतर्गत क्षितिज असतं, आणि त्याच्या पलीकडे कागदावर दुसऱ्या विश्वांत जायच्या वाटाही निघतात. सगळी "कृष्णविवरातून दुसऱ्या जगात" छाप स्वप्नं इथे उगवतात.

पण ते अंतर्गत क्षितिज ठिसूळ आहे. बाहेरून आत येणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा तिथे बेसुमार वाढत जाते हे पेनरोजने १९६८ मध्येच दाखवलं, आणि १९९० मध्ये पॉयसन व इस्रायल यांनी तिथली वक्रता कशी भडकते त्याचा हिशेब मांडला. म्हणजे कडीपर्यंत पोचायच्या आधीच ते सुंदर उत्तर स्वतःच्या वजनाने मोडतं. खऱ्या, कोसळून बनलेल्या, फिरणाऱ्या कृष्णविवराच्या आत अखेर काय उरतं हा शुद्ध सापेक्षतेतसुद्धा अजून चालू असलेला विषय आहे. क्वांटम तर दूरच.

केरबद्दल: २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्याने एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की प्रकाशकिरणाच्या वाटेची एका विशिष्ट मापाने मोजलेली लांबी मर्यादित निघाली, एवढ्यावरून वाटेच्या टोकाला सिंग्युलॅरिटी आहे हे सिद्ध होत नाही. फिरणाऱ्या कृष्णविवराच्या आत एखादा न कोसळलेला तारासदृश गोळाही असू शकेल, असं त्याला वाटतं. प्रमेयाच्या अर्थाबद्दलचा त्याचा मुद्दा मला पटतो. गोळ्याबद्दलचा पटत नाही, कारण त्या ठिसूळ क्षितिजाच्या आत गोळा सुखरूप कसा राहील याचं उत्तर मला त्यात सापडलं नाही. इथे माझ्याशी असहमत होणारे भेटतील.

आळशी_इलेक्ट्रॉन

मी भेटलो. :) प्रमेयातून सिंग्युलॅरिटी "सिद्ध" झाली असं साठ वर्षं ढोल वाजवून सांगितलं गेलं, त्याला टाचणी लावल्याबद्दल केरला पूर्ण गुण. गोळ्याचं बघू.

जुना_खोडरबर

क्वांटमवाले काय म्हणतात ते कुणी सांगेल का? थोडक्यात. खरंच थोडक्यात.

दुर्बीणधारी

थोडक्यात: एकमत नाही.

लूप क्वांटम गुरुत्वाकर्षणात अवकाशाचे तुकडे एका मर्यादेपलीकडे लहान होत नाहीत, म्हणून कोसळणं अडतं आणि उलटतं. या शाखेचा पाया अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये घातला. २०१८ मध्ये त्यांनी ओल्मेडो आणि सिंग यांच्यासोबत कृष्णविवराच्या आतला तो "शेवटचा क्षण" शेवटचा न राहता पलीकडे रस्ता चालू राहतो असं प्रारूप मांडलं. रोव्हेली आणि विडोट्टो यांचा "प्लांक तारा" २०१४ चा, जातकुळी तीच. गंमत म्हणून हिशेब करा: सूर्याचं वस्तुमान प्लांक घनतेपर्यंत (जिच्यापुढे आजची समीकरणं चालत नाहीत) दाबलं तर गोळ्याचा व्यास येतो साधारण १० च्या उणे २२ व्या घाताएवढे मीटर. प्रोटॉनहून कोटभर पटींनी लहान, पण प्लांक लांबीपेक्षा (समीकरणं चालतात ती लहानात लहान लांबी) लाखो कोटी पटींनी मोठा. म्हणजे बिंदू होण्याच्या कितीतरी आधीच आपली समीकरणं हात टेकतात.

स्ट्रिंगवाल्या समीर माथुर यांचं म्हणणं आणखी टोकाचं. "आत" असं काही नाहीच. क्षितिजापर्यंत सगळा स्ट्रिंग्जचा गुंता, त्याला ते फझबॉल म्हणतात. तसं असेल तर या धाग्याचं शीर्षकच बाद.

उडती_उल्का

तपासायचं कसं पण? २०१९ मध्ये एम-८७ चा आणि २०२२ मध्ये आपल्या आकाशगंगेतल्याचा फोटो आला, त्यात काही नाही दिसत?

दुर्बीणधारी

त्या फोटोत दिसतं ते बाहेरच्या तापलेल्या वायूचं कडं आणि प्रकाश गिळला गेल्याची सावली. आतलं काही नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेने) ऐकलेली पहिली टक्करही तशीच: ३६ आणि २९ सूर्यांएवढी कृष्णविवरं एक होऊन ६२ सूर्यांएवढं झालं, उरलेले ३ सूर्य लहरींत गेले. टकरीनंतर नवं कृष्णविवर घंटेसारखं थरथरून शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं होतं. क्षितिजाच्या जागी माथुरांसारखं काही असेल तर त्या थरथरीमागून बारीक प्रतिध्वनी यावेत अशी काहींची अपेक्षा आहे. शोध चालू आहे, सर्वांना मान्य होईल असा प्रतिध्वनी अजून नाही.

कोसळणं क्षितिजाविना उघड्यावर झालं तर आतलं बाहेरून दिसेल, असा एक मार्ग कागदावर आहे. पंकज जोशींनी त्यावर बरंच काम केलंय. पेनरोजने १९६९ मध्ये असं निसर्ग होऊच देणार नाही असा अंदाज बांधला. तो अंदाज अजून ना सिद्ध झालाय ना सपशेल खोटा पडलाय.

शंकासुर

शेवटी काय, एका ओळीत?

गणितवेडी

तुमची पहिली ओळ घ्या आणि तिच्यातून "मध्यभागी" हा शब्द खोडा.

शंकासुर

माझ्या ओळीत तो नव्हताच. शीर्षकात आहे.

काठावरचा

शीर्षक संपादित होत नाहीये, प्रशासकांना विनंती केलीय.

काल भाचीला नळी सांगितली. नरसाळ्यावर काट मारली. ऐकून म्हणाली, "मग मी आत पडले तर टोक मला लागणार नाही, टोकाची वेळ होणार?" मी म्हटलं हो. जरा विचार करून तिने कागद पुढे केला: "नळी आडवी काढू की उभी?" मी म्हटलं विचारून सांगतो.

गणितवेडी

आडवी. उभी काढलीत तर ती पुन्हा तळाशी पेन्सिल ठेवेल. आणि एक नको, चार काढायला सांगा, एकाखाली एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब आणि बारीक. पाचवीची जागा मोकळी सोडा.